शतावरीचं दूध

कुसुमताईंचा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, अशी पुष्कर, त्यांचा जावई, नेहमी थट्टा करायचा. आता थट्टा करण्याजोगं त्या घरात काही उरलं नव्हतं.

त्यांची लेक तनया पहिल्या बाळंतपणाला धायरीला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण रडलीच नाही. मायलेकी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतल्या. आणि दूध? दुधाला मेल्याला काय अक्कल! ते आपलं भरून आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिळू नका, आपोआप आटेल. शेजारच्या हिराबाई म्हणाल्या, मोगऱ्याची फुलं बांधा छातीवर, आमच्याकडे तसंच करतात.

कुसुमताईंनी मंडईतून फुलं आणली, बांधली. पण आटायचं नाव नाही. उलट छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण भरली. असं कसं, त्यांना काही उमजेना.

मग एका सकाळी दुधात चमचा ढवळता ढवळता त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. शतावरी कल्प! दूध चांगलं उतरावं म्हणून सातव्या महिन्यापासून रोज सकाळी त्या लेकीला हाच देत होत्या. बाळ गेल्यावरही देतच राहिल्या होत्या. काय म्हणावं या कर्माला?

त्या तशाच तनयाच्या खोलीत गेल्या. "बाळा, माझ्या हातून फार वाईट झालं गं. मी तुला अजून शतावरीच देतेय."

"माहितीये," तनया म्हणाली. "वेलचीचा वास येतो की त्याला."

"अगं, मग प्यायलीस कशाला?"

"तिचं म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, आई. हेही आटलं तर मी कुणाची आई होते, हे मला तरी खरं वाटेल का?"

कुसुमताईंनी ताजी फुलं आणली, फडकं पसरलं. तनयाने निमूटपणे गाऊनची बटणं सोडली.

"घट्ट नको बांधू," ती एवढंच म्हणाली.

गाठ मारेपर्यंत फुलं दुधाने चिंब झाली. कुसुमताईंनी ती सोडली, दुसरी घेतली, पुन्हा बांधली. दोघीही रडत होत्या आणि कोणी कोणाला गप्प केलं नाही.