कुरुंद्याच्या विहिरीवरचा नाडा

मित्रांनो, मी एका जुन्या नाड्याचा हातभर उरलेला तुकडा आहे. पाण्याने भरलेली चामड्याची मोट ज्या जाड दोराने विहिरीतून वर येते, त्याला नाडा म्हणतात. माझं एक टोक कापलेलं आहे, दुसरं तुटून पिंजारलेलं. ते पिंजारलेलं टोक नीट पाहा.

माझा जन्म अंबाडीचा. ओढ्यात कुजलो, सोललो गेलो, उन्हात वाळलो. कुरुंद्याच्या ग्यानबाने मला वळलं. पीळ देणारे दुसरे हात त्याच्या मुलीचे, द्वारकेचे होते. "सैल सोडू नको, बाई," तो म्हणायचा, "ह्या दोरावर बाप बसणार हाय." ती हसायची आणि आणखी घट्ट पीळ द्यायची.

बाप खरंच बसायचा. विहिरीपासून खाली उतरत जाणारी वाट असते, ती धाव. बैल त्या उतारावरून खाली चालतात, म्हणजे त्यांचं वजनही ओढीला लागतं. हाकणारा नाड्यावर बसतो, त्याचंही लागतं. सोनाजीरावांचा हळदीचा मळा माझ्या ताणावर हिरवा राहिला. येणारे-जाणारे म्हणायचे, नाडा असावा तर असा. मला ते आवडायचं.

मग चाकाने दगा दिला. ज्या चाकावरून मी धावायचो, त्याचा कणा झिजून अडकला. चाक फिरेना. मी त्याच्यावरून घासत जाऊ लागलो. बैल फेसाळायचे. ग्यानबा मालकाकडे गेला.

"मालक, चाक फिरत न्हाई. नवा कणा पाहिजे."

"पाणी येऊन राहिलं ना? हळद निघू दे, मग बघू."

हळद निघायच्या आधी, पौषातल्या एका सकाळी, मी तुटलो. बैल उतारावर पुढे कोसळले. ग्यानबा धावेच्या दगडी कडेवर आपटला आणि उठला नाही.

चावडीवर पंच बसले. सोनाजीरावांनी शांतपणे सांगितलं, "नाडाच कच्चा होता. पोरीसोरीच्या हातचा पीळ. दुसरं काय व्हणार?" पंचांनी माना डोलावल्या. झालं. बाप गेला त्याच आठवड्यात, सगळ्या गावादेखत, लेक त्याच्या मरणाची धनीण ठरली. ती तिथे रडली नाही. विहिरीवर आली, विळ्याने माझा तुटका शेवट कापून घेतला आणि मामाकडे हिंगोलीला निघून गेली.

मामा शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या घरी द्वारका शिकली, शिकवू लागली. मी तिच्या ट्रंकेत होतो. कधीमधी ती मला बाहेर काढायची, तुटक्या टोकावरून बोट फिरवायची आणि परत ठेवायची. एक तपभर असं चाललं. तिची मूठ कधी सैल झाली नाही. मित्रांनो, मला कुणाची दया नको होती. ज्या तोंडातून ते वाक्य निघालं, त्याच तोंडातून, त्याच माणसांसमोर खरं वाक्य निघावं, एवढंच मला हवं होतं. तिलाही.

अठ्ठेचाळीस साल सरत आलं. निजामाचं राज्य गेलं होतं. कुरुंद्यात मारुतीच्या सभामंडपात मराठी शाळा भरू लागली. तिथे शिकवायला यायला कुणी तयार नव्हतं. द्वारकाबाईंनी ते गाव मागून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फळ्याशेजारी खिळ्याला टांगलं.

त्यांनी मुलांना एक तिरपी फळी दिली. फळीच्या वरच्या टोकाला दोऱ्याचं रिकामं रीळ. रिळावरून दोरा, दोऱ्याच्या एका टोकाला पाण्याचा लोटा, दुसऱ्याला उतारावर ठेवलेली लाकडी गाडी, म्हणजे बैल. गाडीत थोडे खडे टाकले की लोटा वर यायचा. मग बाईंनी रिळात पाचर ठोकली. रीळ फिरेना. आता तोच लोटा उचलायला खड्यांवर खडे टाकावे लागले, आणि तोच दोरा ताणून ताणून तुटला. घर्षण बैलांच्या खुराखाली हवं, कण्यात नको, असं बाईंनी शिकवलं. प्रत्येक मुलाकडून त्यांनी हे उदाहरण सोडवून घेतलं.

शाळेला जागा मिळवून देणारे म्हणून एके दिवशी सोनाजीराव आले. सोबत ते जुने पंच. म्हाताऱ्याची नजर माझ्यावर गेली आणि लगेच फळ्याकडे वळली. बाईंनी विचारलं, पाहुण्यांना उदाहरण कोण करून दाखवणार? त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर घेतलं असतं. उठली ती शालू, सोनाजीरावांची नात.

पोरीने मन लावून सगळं केलं. दोरा तुटला तशी ती आजोबांकडे वळली.

"लोटा तोच, आबा, अन् दोराबी तोच. मग तुमी सांगा, दोरा काहून तुटला?"

म्हाताऱ्याने पंचांकडे पाहिलं. ते खाली पाहत होते. नात वाट पाहत होती.

"चाक," सोनाजीराव म्हणाले. "चाक अडलं होतं."

"दोरा कच्चा होता का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

मग द्वारकाबाई वर्गातल्या कुठल्याही मुलाला म्हणावं तशा म्हणाल्या, "बराबर. बसा."

तो सबंध तास ते उठू शकले नाहीत.

मित्रांनो, मी अजून त्याच खिळ्यावर आहे. ग्यानबा परत आला नाही, म्हणून मी क्षमाही केलेली नाही. तुमच्या हाती कधी चाक आलं, तर त्याला वेळेवर तेल द्या. कुणी तुटलेला दिसला, तर त्याचा पीळ तपासण्याआधी वर पाहा आणि चाक कुणाचं होतं ते विचारा. मोठ्याने विचारा.