फुंकणी

"ही नळी कशाची आहे?"

फौजदाराने विचारले आणि हातातली वस्तू मुखरूच्या सायकल दुकानातल्या ठोकळ्यावर टाकली. जुनी, गंजलेली, एका टोकाला लाकडी दस्ता बांधलेली गावठी बंदूक. जंगलाच्या कडेला, धानाच्या बांधीजवळ, मोहाच्या ढोलीत ती सापडली होती.

मुखरूने बंदुकीकडे पाहिले. नळी सायकलच्या चौकटीची होती. आणि या टोल्यात, एवढ्याशा वस्तीत, मोडक्या सायकली फक्त त्याच्याकडे येत.

त्याच्या हाताखालून काही वाया जात नसे. वाकडी रिम विहिरीवर गडगडी होऊन बसे. मडगार्ड शेण उचलायला, आरे मासे भाजायला, फाटकी ट्यूब नांगराच्या बांधणीला. कोणाच्या बैलाच्या गळ्यात सायकलची घंटी. गाव हसायचे, म्हणायचे, "मुखरूभाऊजवळ सायकल मरते, पण तिची राख होत नाई."

"बोल ना! काऊन मुका झालास?" गुलाब हवालदार म्हणाला. तो इकडचाच, आरमोरीकडचा. या दुकानात बसून त्याने कितीदा चहा घेतला होता. आज नजरेला नजर देत नव्हता.

"जंगलातल्या दादा लोकांना, नक्षल्यांना, बंदुका बनवून देतोस?" फौजदार म्हणाला.

"नाई जी! बंदूक नाई बनवली म्या. ही तं फुंकणी हाये." मुखरू घाईघाईने बोलून गेला. "चुलीची फुंकणी. बायायले कापून देतो म्या. घरोघरी हाये, कोणालेही विचारा."

"घरोघरी?"

"व्हय जी."

फौजदार पहिल्यांदाच हसला. "मग सोपं झालं. प्रत्येक घराची फुंकणी बघू. जिच्या घरात नसेल, तिच्या घरातली ही."

तेव्हा कुठे मुखरूच्या ध्यानात आले की आपण काय करून बसलो. धानाला ओंब्या येत होत्या तेव्हा त्याची लेक कुंता सांगत आली होती, "बाबा, मायी फुंकणी हरपली. दुसरी करून दे ना." कुंता गावातच दिलेली. तिचा नवरा इस्तारी तळ्यावर मासे धरी, आणि रानडुकरांपायी रात्री बांधीवर जागली करी. मुखरू तिला हसला होता. "फुंकणी का कोंबडी हाये, पळून जायले?"

त्याने नळीचे तोंड पाहिले. कानस मारून गुळगुळीत केलेले, बाईच्या ओठाला लागू नये म्हणून. तो हात त्याचाच होता.

आतल्या दारात त्याची बायको रुखमाबाई उभी होती. तिने सारे ऐकले होते. पोरीची फुंकणी हरपल्याचेही तिला ठाऊक होते. तिने शेणाची टोपली उचलली आणि मागच्या दाराने गेली.

"चल, पुढे हो," हवालदार म्हणाला.

मुखरू पुढे चालला. मुद्दाम लांबच्या टोकापासून सुरुवात केली. ठमाबाईने फुंकणी आणून दाखवली. "माय वो, फुंकणी पाह्यले जीप घेऊन आले! उद्या उलथणी पाह्यले येसान का?" कोणी हसले नाही. बायनाबाईची निघाली, गोकुळाची निघाली. काळ्या, धुराने चिकटलेल्या नळ्या. मुखरूला वाटत होते, रस्ता आणखी लांब असता तर बरे.

कुंताचे घर आले. इस्तारी ओट्यावर जाळे विणत होता. सुई त्याच्या हातातच थांबली. 

"फुंकणी आण," हवालदार ओरडला.

कुंता आत गेली. बराच वेळ गेला. मग आली, पदराने पुसत, आणि फुंकणी पुढे धरली. मधोमध हिरव्या रंगाचा पट्टा, त्याच्या खाली पोचा. मुखरूने ती ओळखली. रोज सकाळी रुखमा हीच फुंकायची. गुलाब हवालदाराने हीच फुंकून कितीदा बिडी पेटवली होती.

हवालदाराने ती हातात घेऊन फिरवली. हिरव्या पट्ट्यावर त्याचा अंगठा थांबला. त्याने मुखरूकडे पाहिले.

"हाये साहेब, इथीही हाये," तो म्हणाला आणि परत दिली.

सारी घरे संपली. फौजदार वळला. "आणि तुझी?"

मुखरूच्या घरात धूर कोंडला होता. रुखमा चुलीपुढे ओणवी होऊन तोंडानेच फुंकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"बाई, फुंकणी कुठे आहे?"

"आमच्या घरी कुठली फुंकणी जी!" ती डोळे पुसत म्हणाली. "साऱ्या गावाले करून देते, मले म्हणते उद्या करतो. दिव्याखाली अंधार. तुमीच सांगा त्याले."

फौजदार हसला नाही. "घ्या याला," एवढेच म्हणाला.

जीपजवळ माणसे जमली. मागून इस्तारी वाट काढत पुढे येत होता. ओठ हलत होते. तो बोलणार हे मुखरूला दिसले.

"जवाई!" मुखरू मोठ्याने म्हणाला. "दुकानात गडगडी ठेवली हाये. विहिरीवर बसवून दे. बाया खोळंबून राह्यल्या."

इस्तारी जागीच उभा राहिला.

"आयकलं का? आजच बसव."

"व्हय मामाजी," इस्तारी म्हणाला. 

धान कापून झाल्यावर मुखरूला सोडले. काही सिद्ध झाले नव्हते. आरमोरीच्या ठाण्यातून तो पायीच आला. विहिरीवर गडगडी फिरत होती.   कोठडीतल्या मारानंतर त्याच्या उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने एक जुनी चौकट काढली. नळी कापली. कानस धरली, ती घसरली. पुन्हा धरली. बराच वेळ तो डाव्या हाताने घासत राहिला.

"घे," तो म्हणाला. "तुयी राह्यली होती."

रुखमाने फुंकणी घेतली, चुलीपुढे बसली आणि तोंडाला लावली. विस्तव धगधगला. नळी बाजूला ठेवताना तिने खालचा ओठ जिभेने हळूच चाटला. काठ खरखरीत होता, रक्ताचा थेंब आला होता.

"कशी झाली?" मुखरूने दारातून विचारले.

"चांगली झाली," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकू लागली.