सासुरवाडी मुक्कामी आहे

योगेंद्र पाटील सर जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. हिमालयाची निर्मिती, हिमालयाच्या रांगा, हिमालयाचं महत्त्व हे त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, की आपण तो कधी पाहिलेला नाही हे ते स्वतःच विसरून गेले होते. पत्नी दिपमाला विसरल्या नव्हत्या. म्हणून यंदा मे महिन्यात, ते राहतात त्या मेहरूणच्या गच्च्यांवर पापड दोन्ही बाजूंनी एकदमच वाळत असताना, शिमल्याची तिकिटं निघाली.

तिकिटं काढणं सोपं होतं. घर रिकामं आहे हे कोणाला कळू न देणं अवघड होतं. चोरांचं सरांना फारसं काही वाटत नव्हतं. चोर आले तरी काम आटोपून जातात. धास्ती होती ती जानोशाची.

लग्नाला येणाऱ्या नवरदेवाकडच्या मंडळींना उतरायला जे घर देतात, तो जानोसा. मे महिन्यात खानदेशात लग्नं फार, घरं कमी. शहरात अमक्याचं घर रिकामं आहे एवढं कळलं की त्या घराचा जानोसा होतो. मालकाला विचारणं हा त्यातला ऐच्छिक भाग. सरांच्या घरात तर दोन कूलर होते.

अशात भडगावहून चुलते झुलाल आबांचा फोन आला. नातीचं, पुनमचं, लग्न ठरलं होतं. नवरदेव धुळ्याचा, हॉल मेहरूणचा. धुळेकरांच्या जानोशासाठी जवळपास एखादं घर पाहतोय, एवढं बोलून आबा थांबले. आबांचं थांबणं हे विचारणं नसतं, सांगणं असतं. सरांनी मनातल्या मनात तारखा जुळवल्या. परतीची गाडी लग्नाच्याच दिवशी सकाळी जळगावला येत होती. म्हणजे लग्न चुकणार नव्हतं, पण जानोसा आदल्या दिवसापासून लागणार होता. शिमल्याला जातो म्हणावं, तर आबा म्हणणार, मग तर छानच झालं. म्हणून सर म्हणाले की सासुरवाडी मुक्कामी आलेली आहे, फैजपूरचे झाडून सगळे, घरात पाय ठेवायला जागा नाही.

आबा नुसतं "बरं" म्हणाले.

आता पाय ठेवायला जागा नसलेलं घर तयार करणं आलं. लोक गावाला जाताना फ्रीज रिकामा करतात, गॅस बंद करतात, कुंड्या शेजाऱ्यांकडे देतात. सरांनी हे सगळं केलंच, वर घरात माणसंही भरायला घेतली.

पहिल्या झाल्या चपला. घरच्या पुरेनात, म्हणून शेजारच्या खाजाभाईंना विश्वासात घ्यावं लागलं. खाजाभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी आपल्या घरच्या जुन्या चपला, सँडल, एक चट्ट्यापट्ट्याची स्लीपर असं पोतंभर आणून दिलं, आणि कोणाला काही सांगणार नाही असा शब्द दिला. दाराबाहेर चपलांची अशी दाटी झाली की आत कीर्तन चालू असावं.

मग दोरीवर कपडे. सरांनी कुठूनसं एक धोतर पैदा केलं आणि ते सासऱ्यांचं म्हणून वाळत घातलं. दिपमालांनी ते काढलं.

"माझे वडील बँकेत होते," त्या म्हणाल्या. "ते पँट घालतात."

"लांबून धोतर ओळखू येतं."

"मग लांबून माझ्या माहेराची काय इज्जत राहिली?"

पँट आली. फैजपूरला आपल्या ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना आपण मेहरूणला मुक्कामी असून आपली पँट वाळते आहे, याची काहीच कल्पना नव्हती.

आवाजाचं काय, हा प्रश्न उरला. सरांच्या डोक्यात टीव्ही होता. खाजाभाईंनी तो खोडून काढला. टीव्हीवर सासवासुना भांडतात, गल्लीतली चार माणसं भांडण सोडवायला येतील, त्यापेक्षा रेडिओ बरा. त्यांनी रेडिओला आणि बैठकीतल्या दिव्याला टायमर बसवून दिले. दूधवाल्याला चार लिटर दूध सांगितलं. पाहुणे आहेत म्हटल्यावर दूध वाढायलाच हवं, आणि ते खाजाभाई गुपचूप उचलणार होते. शेवटी सरांनी पुढचं दार ओढून घेतलं. त्याचं लॅच आतून लागतं, त्यामुळे बाहेर कुलूप दिसत नाही. रस्त्यावरून घराकडे पाहिलं तेव्हा त्यांना स्वतःलाच क्षणभर वाटलं, आत जाऊन पाहुण्यांना काही हवं-नको विचारावं.

पण खानदेशातला माणूस असून सर एक गोष्ट विसरले होते. गावात सासुरवाडी मुक्कामी आहे आणि घरात लग्न आहे, तर त्या पाहुण्यांना फोनवर आमंत्रण देता येत नाही. घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः जावं लागतं. कुंकू लावायचं, टोपी-टॉवेल द्यायचा, हात जोडायचे. हे राहिलं तर पुढच्या दोन पिढ्या त्याबद्दल बोलतात.

हॉलची व्यवस्था लावायला आबा दोन दिवस आधीच जळगावला आले, आणि टोपी-टॉवेलची पिशवी घेऊन सरळ सरांच्या दारात उभे राहिले. चपला पाहून त्यांना समाधान वाटलं. टॉवेल कमी पडतील अशी शंकाही आली. त्यांनी बेल वाजवली. मग हाक मारली. आतून केळीच्या घडांना उन्हापासून कसं जपावं याची माहिती मिळाली. पुन्हा हाक मारली. आतला दिवा लागला. दार काही उघडेना.

एवढी माणसं घरात आणि एकही बोलत नाही, म्हणजे एक तर गॅस गळला असणार, नाहीतर कूलरचा शॉक. आबांनी शेजारी जाऊन विचारलं, हे लोक घरात आहेत ना? खाजाभाई शब्दाचे पक्के. म्हणाले, हो तर, सगळे घरातच आहेत, सकाळीच चार लिटर दूध गेलंय. ते ऐकून आबा रस्त्यावर ओरडायला लागले. गल्ली जमली. दार तोडायला कोणाकडे पहार आहे का, अशी विचारणा झाली. ती खाजाभाईंकडेच होती. शब्द मोडण्यापेक्षा दार मोडणं त्यांना सोपं वाटलं.

सर तेव्हा शिमल्याच्या माल रोडवर स्वेटर घालून भुट्टा खात होते. फोन वाजला. पलीकडे आबा होते, अहिराणीत.

"योगेंद्र, जिवत शे ना तू?"

सरांनी जिवंत असल्याचं मान्य केलं.

"दार तोडनं पडनं. आमले वाटनं, बठ्ठा गॅसमा गयात." आबा जरा थांबले. "घरमा तर कोनीच नही."

सर म्हणाले, अचानक ठरलं, सासरेबुवांसह सगळेच शिमल्याला आलोत.

आबांनी दाराबाहेरच्या चपलांकडे बघितलं असावं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "बठ्ठा अनवानी गयात का?"

हिमालयाबद्दल कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सरांनी दिलं असतं. हा अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तू निवांत फिर. दार तुटेल शे, घर उघडं टाकीसन कसं चालीन? धुळावाला ऱ्हातीन आठे ध्यान ठेवाले."

दिपमालांनी फोन कोणाचा म्हणून विचारलं. सर म्हणाले, घराची व्यवस्था झाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी दोघं रिक्षातून घरासमोर उतरले. ओट्यावर एक धिप्पाड गृहस्थ दात घासत उभे होते. हे नवरदेवाचे काका रुपचंद. त्यांनी बॅगांकडे आणि मग सरांकडे पाहिलं.

"कोणाकडचे?"

"मुलीकडचे," सर म्हणाले. ते खरंच होतं.

"मग तुमची सोय हॉलवर. हा जानोसा आहे." काकांनी चूळ भरली. "आणि मुलीकडचेच आहात तर सांगून ठेवतो, आतल्या खोलीतल्या कूलरला वारा नाही. आमचे मोठे भाऊ रात्रीपासून रुसून बसलेत."

सर हात जोडून म्हणाले की बघतो. खाजाभाईंना बोलावून आणलं. नवरदेवाच्या वडिलांचा रुसवा निघेपर्यंत त्यांच्याच पलंगापाशी ते उभे राहिले. मग दिपमालांनी जरा भीत भीतच विचारलं, आंघोळीला पाणी मिळेल का?

"मिळेल की," काका म्हणाले. "आमच्या लोकांचं झालं की घ्या."

सर टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत बसले. त्यांच्यापुढे अजून बरंचसं धुळं बाकी होतं.