सातवं कॉलेज

स्नेहल आणि मैत्रेयी सुप्याच्या ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षं एकाच बाकावर बसल्या. सीईटीत स्नेहलला एक्क्याऐंशी पर्सेंटाईल पडले, मैत्रेयीला ब्याऐंशी. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म दोघींनी मैत्रेयीच्या घरी बसून भरला. पुण्याची सहा कॉलेजं, दोघींची यादी सारखी, क्रमही तोच. बरोबर जायचं, बरोबर राहायचं, असं ठरलंच होतं.

झालेल्या फेऱ्यांत दोघींनाही काही लागलं नाही. आता एकच फेरी उरली होती.

स्नेहलचे वडील सुनील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "ही सहा गेल्या साली कितीला बंद झाली?"

"नव्वदच्या पुढंच."

"मग खाली एखादं नक्की लागंल आसं टाक की."

"जिथं जायचंच नाही ते कशाला टाकू, पप्पा?"

"जायचं न्हाई, हे न बघताच ठरवलं व्हय?"

गुरुवारी त्यांची सुट्टी होती. दोघं मोटारसायकलवर नगरच्या अलीकडच्या एका कॉलेजात गेले. गेटवर मोठा फ्लेक्स होता, आत निम्म्या वर्गांना कुलूप. स्नेहलला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण वरच्या मजल्यावर एक दार उघडं दिसलं. आत टेबलाशी एक बाई सोल्डरिंग करत बसल्या होत्या. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या राजेश्वरी मॅडम. कॉलेजच्या सुट्टीत त्या बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करून ठेवत होत्या.

"बघायला आलीस? ये, बस. हे धर." त्यांनी गरम सोल्डरिंग गन तिच्या हातात दिली.

पहिला जोड गोळा होऊन बसला. दुसराही. तिसरा बरा जमला. मॅडमनी तारा लावून बटण दाबलं, तर यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटली. स्नेहल खुदकन हसली. मग तिने सरळच विचारलं, "मॅडम, इथून नोकरी लागते का?"

"सगळ्यांना नाही लागत. शिकवणारे दोघंतिघं चांगले आहेत, बाकीचे बदलत राहतात. जी मुलं इथं येऊन हात काळे करतात, त्यांचं होतं काहीतरी."

संध्याकाळी स्नेहलने सहा कॉलेजांच्या खाली सातवं टाकलं आणि फॉर्म पक्का केला. थोड्या वेळाने मैत्रेयीचा फोन आला.

"तीच सहा ठेवलीस ना?"

"हो," स्नेहल म्हणाली.

यादी लागली. स्नेहलला सातवं कॉलेज मिळालं, मैत्रेयीला काहीच नाही. तासाभरात मैत्रेयीच्या आईचा, प्रेमलाकाकूंचा फोन आला. "तू खाली एक टाकलंस म्हणे. चांगलं केलंस गं. पण हिला एका शब्दाने सांगायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी स्नेहल मैत्रेयीकडे गेली. मैत्रेयी पुस्तकांचा ढीग लावत होती. तिने वर बघितलं नाही.

"मी खोटं बोलले," स्नेहल म्हणाली. "तू चिडशील असं वाटलं."

"चिडलेच असते. सांगितलं असतंस तर तुला ते टाकूच दिलं नसतं. कळतंय मला ते." मैत्रेयीने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "तरी राग आलाय."

"तिथं जागा शिल्लक आहेत. एकदा बघून तर ये."

आठवड्याने मैत्रेयी वडिलांबरोबर कॉलेज बघून आली आणि तिनेच फोन केला. "तुझ्या त्या मॅडमनी मलाही गन धरायला दिली. पाच मिनिटांत कंटाळा आला. येताना बाबांनी विचारलं, इंजिनिअरिंग नक्की कशासाठी? मला पुण्याला जायचं होतं गं, बाकी काही नाही."

तिने नगरला बीएस्सीला प्रवेश घेतला, संख्याशास्त्र घेऊन. प्रेमलाकाकूंना ते पटायला दिवाळी उजाडली.

दोघी सकाळी सुप्यातून एकाच एसटीने निघायच्या. पहिले काही दिवस बोलणं बेताचंच व्हायचं. स्नेहल आधी उतरायची. वर्गात खरंच निम्मी मुलं यायची आणि एका विषयाला दोन महिने शिक्षकच नव्हते. ती दुपारनंतर प्रयोगशाळेत जाऊन बसायची.

पहिल्या सत्रात तिचा गणिताचा पेपर राहिला. घरी सांगण्याआधी तिने एसटीत मैत्रेयीला सांगितलं. मैत्रेयीने तिची वही मागून घेतली, दोन पानं उलटली आणि म्हणाली, "हे आम्हाला झालंय. उद्यापासून खिडकीकडे तू बसायचं नाहीस, बाहेर बघत राहतेस."

मे महिन्यात स्नेहल पास झाली, तो पेपर सुटला.