रुपाचा कोंबडा

भूपेश गुरुजींच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते सहजी निघत नसे. धानोऱ्याकडच्या एका लहानशा गावात दुसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता, आणि यंदा त्यांनी दर शनिवारी ‘आवडीचा तास’ सुरू केला. ज्याला जे आवडतं ते त्याने निवडायचं, प्रश्न आपणच काढायचा आणि उत्तरही आपणच शोधायचं. पहिल्या खेपेला झालं काय, तर वर्गात थर्माकोलचे सात ज्वालामुखी आले, सगळे नंदुरबारच्या एकाच दुकानातून. गुरुजी भडकले. आजपासून घरी काही सांगायचं नाही, घरच्यांचा हात लागता कामा नये, असा त्यांनी पोरांना दम भरला.

चुडामणची रुपा त्याच वर्गात होती. पहिलीपासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करी. तिने मात्र एके दिवशी गुरुजींच्या कानाशी येऊन विचारलं, आमचा कोंबडा बांग देताना डोळे मिटतो का? त्या दिवशी गुरुजी आनंदाने दुपारचा डबा खायचाच विसरले. ती रोज सकाळी उठून बघू लागली. मिटलेल्या डोळ्याला वहीत आडवी रेघ, उघड्याला गोल. असे एकोणीस दिवस झाले. येत्या शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून बोलेन, असं तिने मान हलवून कबूल केलं. गुरुजींना दुसरं काही नको होतं.

त्यांना राहवेना. तसं वही पूर्ण होऊ द्यायची, मग घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण आनंद पोटात ठेवायची त्यांना सवयच नव्हती. रविवारी दुपारी घरी येतो, असा निरोप त्यांनी चुडामणला धाडला. कशासाठी ते कळवलं नाही.

चुडामण वाटेवरच उभा होता. आजवर एकही मास्तर त्याच्या दारी आला नव्हता. खाट टाकलेली, तिच्यावर नवी चादर. चहा झाला आणि गुरुजी बोलायला तोंड उघडतात तोच ताट आलं. कळण्याची भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाची तर्री. भूक लागलीच होती. दोन घास पोटात गेल्यावर गुरुजींनी कौतुकाने विचारलं, रुपाचा तो कोंबडा कुठे आहे, जरा दाखवा की.

चुडामण हसला. “घरनाच शे गुर्जी,” तो ताटाकडे बोट करून म्हणाला, “इकत आनेल नही.” आणि आणखी भाकरी आणायला आत गेला.

गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला. रुपा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्यांनी हळूच विचारलं, अगं, बापाला सांगायचं नाही का?

“तुम्हीच सांगेल व्हतं ना गुर्जी,” ती म्हणाली. “घर सांगानं नही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. तेवढ्यात चुडामण आला आणि त्याने चांगली तंगडी शोधून त्यांच्या ताटात वाढली. नको म्हणावं तर त्या माणसाचा सगळा दिवस मातीत जाणार होता. खरं सांगावं तर त्याला आपल्याच हाताची लाज वाटली असती. गुरुजी जेवले. पोरीच्या डोळ्यांदेखत, ताट स्वच्छ होईपर्यंत जेवले.

शनिवारी रुपा येणारच नाही, असं त्यांनी धरलं होतं. ती आली. नंबर आल्यावर वही घेऊन फळ्यापाशी उभी राहिली आणि बोलली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

“पहिली बांग, डोया बंद. मंग उघडा,” ती म्हणाली. तिने एकेक दिवस वाचला, एकही गाळला नाही. शेवटच्या ओळीशी ती थांबली आणि गुरुजींकडे पाहून तिने तीही वाचली.

“ऐतवारले दुपारले बांग नही दिन्ही. डोया उघडाच व्हतात.”