बकरी, पूल, चमचा, शिडी, रुमाल

मातृभाषेत विचारलं की माणसाच्या मेंदूचा खरा ठाव लागतो. स्मरणशक्ती तपासणारं ते सॉफ्टवेअर बऱ्याच भाषांत निघालं तेव्हा माहितीपत्रकावर हे वाक्य ठळक छापलं होतं. आपल्या भाषेतल्या आवृत्तीच्या अनुवादकाचा त्यावर मनापासून विश्वास होता, कारण त्याला सासऱ्यांच्या हातून गाडी काढून घ्यायची होती.

सासरे गाडी घेऊन भाजी आणायला जात आणि बसने परत येत. गाडी मग जावयाने शोधायची. इंग्रजी चाचणीत ते सपशेल नापास झाले होते, पण परक्या भाषेत विचारलं तर माणूस स्वतःचं लग्नही विसरेल, असं म्हणून त्यांनी तो निकाल उडवून लावला. आपल्या भाषेत नापास झालो तर किल्ली देईन, असा शब्द मात्र त्यांनी लेकीला दिला. म्हणून तर जावयाने हे काम अंगावर घेतलं.

चाचणीचं प्रत्येक वाक्य तोंडात नीट बसतंय का हे पाहायला तो ते मोठ्याने म्हणत घरभर फिरायचा. तज्ज्ञांची समिती मसुदा सारखा परत पाठवी. बकरी खेडवळ वाटते, मांजर करा. मांजर फारच सोपी, पुन्हा बकरी करा. सगळा हिवाळा घरात हाच जप चालला होता आणि सासरे तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसलेले असत. "अहो, जरा हळू म्हणा," असं बायको एकदा म्हणाली होती. त्याला वाटलं, तिचं डोकं दुखत असेल.

चाचणीला सासरे जावयाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत गेले. शेवटचीच खेप म्हणून कोणी अडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी टॅबलेट उघडला. "काका, मी आता पाच शब्द सांगणार आहे."

"बकरी, पूल, चमचा, शिडी, रुमाल."

"मी अजून सांगितले नाहीत."

"सांगा की. मी थांबतो." मग जरा वाकून ते म्हणाले, "आधी इथे मांजर होती. पण बकरीच बरी."

पुढचे सगळे प्रश्न असेच उलटे, म्हणजे उत्तर आधी, या क्रमाने पार पडले. मध्येच, आता तुम्ही मला पाणी हवंय का विचारायचं असतं, अशी आठवणही त्यांनी बाईंना करून दिली. स्मरणशक्ती असामान्य, असा निर्वाळा सॉफ्टवेअरने दिला. एवढ्या तल्लख माणसाला उगाच कशाला आणलंत, म्हणून बाईंनी जावयाला चार शब्द सुनावले. तेवढ्यात सासरे बाहेर पडले होते.

तासाभराने तो छापील अहवाल घेऊन खाली उतरला, तोच बायकोचा फोन आला. बाबा घरी पोचलेत, भलतेच खुशीत आहेत, बसला अजिबात गर्दी नव्हती म्हणतात.

जावई गाडीशेजारी उभा होता. किल्ली सासऱ्यांच्या खिशात होती.