साळिंदर-आजोबांचं माप

जावयाने पॉपकॉर्नचा मोठा डबा सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला, आपल्या वडिलांना पाय पसरता येतील अशी कडेची खुर्ची दिली, दोघांच्या मधोमध स्वतः बसला आणि दिवे जाण्याआधी मनातल्या मनात जमाखर्च मांडला. जमेला एकच येणं बाकी होतं: लग्नाला आठ वर्षं होऊनही सासऱ्यांच्या तोंडून न निघालेला एक शब्द. सासरे शिंपी. आयुष्यभर त्यांनी पुरुषांचे कोट शिवले होते, आणि कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट आला की ते दोन पावलं मागे सरून एवढंच म्हणत, "बसलाय." मुलीने निवडलेला नवरा, त्या नवऱ्याची नोकरी आणि त्या नोकरीवर घेतलेलं घर यांतलं काहीही त्यांच्या मते अजून बसलेलं नव्हतं.

खर्चाच्या बाजूला काय होतं, ते आता पडद्यावर यायचं होतं.

जावई कार्टून सिनेमातल्या पात्रांना हालचाल देण्याचं काम करी. सासरे दुकानात त्याचं वर्णन "चित्रं हलवतात" असं करत आणि लगेच बाहीचं माप घ्यायला वळत. गेली तीन वर्षं त्याने एकाच पात्राला हलवलं होतं. सिनेमा होता एका साळिंदर कुटुंबाचा. अंगभर काटे असलेल्या या घराण्याचा धंदा फुगे बनवण्याचा, आणि सगळा विनोद त्यातूनच फुटायचा. पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. या दुसऱ्या भागात त्याचं पात्र, म्हणजे साळिंदर-आजोबा, मुक्कामाला येतात, आणि त्यांना काहीच पसंत पडत नाही. पण पसंत नाही, असं ते बोलून दाखवत नाहीत. चष्मा काढतात आणि स्वच्छ काचेवरच फुंकर घालतात. नाकातून एक बारीक "हं" सोडतात. दुसऱ्या कुणाचं कौतुक सुरू झालं की डोळे मिटून घेतात. मग मानेपासून एकेक काटा उभा राहू लागतो आणि घरातले फुगे पटापट आवरावे लागतात.

आठ वर्षांचा हिशेब चुकता करायला याहून चांगली जागा मिळाली नसती. आपण सासऱ्यांना काट्यांसकट पडद्यावर उतरवलंय, याबद्दल जावयाला तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी तो सिनेमा पाहावा, असं मात्र त्याच्या मनात कधीच नव्हतं. पण सासऱ्यांनी दुपारपासून दुकान बंद ठेवलं, पहिल्या दिवसाची तिकिटं काढायला लावली आणि व्याह्यांनाही बोलावलं, म्हणजे मुलगा दिवसभर काय करतो ते त्यांनाही एकदा कळेल. दोघी विहिणी दुसऱ्या दिवशी जाणार होत्या. नवऱ्यांबरोबर बसलं की सिनेमा ऐकू येत नाही, असा दोघींचा अनुभव होता.

त्यामुळे रांगेत कडेला अण्णा, म्हणजे जावयाचे वडील, मग जावई, मग सासरे, त्यांच्या पलीकडे नात, जिला ते बटण म्हणत, आणि शेवटी बायको. बायको एकांतात त्याला अरे-तुरे करी आणि दोन्ही वडिलांसमोर अहो-जाहो. आज अर्थातच अहो-जाहोचा दिवस होता.

"अहो, घाम पुसा," ती म्हणाली आणि दिवे गेले.

पडद्यावर आजोबा दारात आले. नातवाने पुढे केलेल्या फुग्याकडे त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, फुंकर घातली. "हं." सगळं थिएटर हसलं. जावई पडद्याकडे बघतच नव्हता. तो सासऱ्यांच्या हाताकडे बघत होता. हात डब्यात होता आणि तिथेच थांबला होता. मग सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. त्यांनी जावयाकडे कलून कानात सांगितलं, की म्हातारा मोठा बेरका आहे.

दुसऱ्या बाजूने अण्णाही हसत होते. अण्णांचा मोटार शिकवण्याचा वर्ग होता. शिकाऊ माणसाशेजारी बसण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे पडद्यावर काहीही वेगाने आलं की त्यांचा उजवा पाय जमीन दाबायचा. हसू आणि ब्रेक अशी दोन्ही कामं ते आळीपाळीने करत होते.

मध्यंतरात सासऱ्यांनी पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून, मागच्या-पुढच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. पहिला भाग अंगासरसा होता, हा काखेत ओढतोय. गाणं म्हणजे हातापेक्षा लांब बाही. तो फुगेचोर कोल्हा तर निव्वळ जास्तीचा खिसा, आत काही ठेवता येत नाही आणि बाहेरून फुगीर दिसतो. म्हातारा आहे म्हणून कापड फुकट गेलं नाही. अण्णांचं म्हणणं असं, की कोल्ह्याच्या पाठलागात वळणावर कुणीच वेग कमी केला नाही आणि लहान मुलं हेच शिकतात. बायको म्हणाली, तिला कोल्हा आवडला. गाणंही आवडलं, आणि त्यातला पहाटेचा रंग तर फारच छान जमलाय. तो रंग शेजारच्या टेबलावरच्या मुलीने केला होता. जावई तेवढ्यात चष्मा पुसत होता, त्यामुळे त्याला लगेच काही बोलता आलं नाही.

मध्यंतरानंतर पडद्यांचा प्रसंग आला. साळिंदराची सून सकाळपासून खपून घरभर नवे पडदे लावते. स्टुलावरून उतरते, हात झटकते आणि आजोबांना विचारते, कसे दिसतात? आजोबा बघतात. बघतच राहतात. डोळे मिटतात. लोक हसले, पण बायको जी हसायला लागली ती थांबेचना. बटणाला तिची पाठ थोपटावी लागली. जावयाला ते थोडं खटकलं. काही झालं तरी जन्मदाता बाप एका खुर्चीपलीकडे बसला होता.

शेवट मात्र सगळ्यांना धरून ठेवणारा होता. सगळं कुटुंब फुग्यांच्या होडीत, खाली दरी, आणि आजोबांचे काटे उभे. काटे खाली बसायचे तर आजोबांनी कुणाला तरी मनापासून बरं म्हणायला हवं. त्या दोन शब्दांसाठी त्यांच्या चेहऱ्याची जी ओढाताण होते, त्यावर जावयाने पूर्ण पावसाळा घालवला होता. "छान केलंस," आजोबा नातवाला म्हणाले. एकेक काटा आडवा होत गेला. थिएटरात कुणीतरी नाक ओढलं. सासरे रुमाल शोधत होते.

बाहेर पडताना पायऱ्यांवर त्यांनी जावयाचा दंड धरला, बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"जावईबापू, म्हातारा बसलाय."

जावयाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मापात बसलाय. मी कुणाला बोलणार नाही. पण व्याह्यांना इतकं हुबेहूब बेतायचं म्हणजे हिंमत पाहिजे. त्यांनी ओळखलं नाही, ते एक बरं झालं."

"आमच्या अण्णांना?"

"मग कुणाला? तो 'हं' ऐकला आणि मी खुर्चीतच उडालो."

जावई पायऱ्या उतरू लागला. आठ वर्षांचा शब्द हातात पडला होता आणि तो कुणाच्या नावावर जमा करायचा तेच कळत नव्हतं. खाली गाडीपाशी अण्णा त्याची वाट बघत होते. त्यांनी आधी सगळ्या चाकांवरून नजर फिरवली, मग हळूच म्हणाले, "अरे, सासऱ्यांची जरा जास्तच उडवलीस हं. पण मजा आली. बिचाऱ्याच्या लक्षातही आलं नाही. खो-खो हसत होता."

दोघांना आपापल्या घरी सोडलं, तेव्हा बटण मागे झोपी गेलं होतं. आता जावयाला राहवेना. त्याने बायकोला दोन्ही गोष्टी रंगवून सांगितल्या.

"दोघेही फसले," तो म्हणाला. "खरे होते तुझे बाबाच."

"बाबा?" अहो-जाहोची वेळ संपली होती. "काखेत ओढतंय म्हणून बाबांनी रांगेत सगळ्यांदेखत सुनावलं तुला. पोटात ठेवतात का ते काही?"

जावयाने विचार केला. आठ वर्षांतलं सासऱ्यांचं एक जरी "हं" आठवलं असतं, तरी चाललं असतं. आठवत होती ती सगळी वाक्यं होती, पूर्ण आणि खणखणीत.

"मग अण्णा असतील. नकळत उतरले असतील."

"अण्णांना आवडलं नाही की ते ब्रेक दाबतात." तिने सीटवर अंग सैल सोडलं. "तू काम करताना बघतोस कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. आधी आपणच तसं तोंड करून बघायचं, मग ते पात्राच्या..."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्याने.

"पडदे आपल्या बेडरूमचे होते," ती म्हणाली. "सुट्टी काढून लावले होते मी."

"छान म्हणालो होतो मी."

"हं म्हणालास."

त्याने गाडी पुढे घेतली. मध्येच एकदा तिचे खांदे हलले, आणि ते हसण्याने की कशाने, ते त्याने वळून पाहिलं नाही.

सिनेमा चालला, आणि चालायला घरचाही हातभार लागला. सासरे पुढच्याच रविवारी दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांना स्वखर्चाने घेऊन गेले आणि अंधारात प्रत्येकाच्या कानात सांगते झाले, की हे आमचे व्याही. अण्णांनी शिकाऊ मंडळींची एक तुकडी नेली. त्यांनाही असंच काहीसं सांगितलं, शिवाय वळणावरच्या वेगाबद्दल वेगळं. दोघेही खूश होऊन परतत, आणि दोघेही जावयाला बाजूला घेऊन पाठ थोपटत. जावई ती थाप गुपचूप घेई. नको म्हणावं तर खरं सांगावं लागलं असतं.

पैसे सासऱ्यांनी मोजले, अण्णांनी मोजले. लाज जावयाने मोजली, तीही हप्त्याहप्त्याने. एका संध्याकाळी सासरे पुन्हा तिकिटं घेऊन दारात उभे राहिले. एक जास्तीचं होतं, तू पण चल म्हणाले मुलीला.

"तुम्ही जा, बाबा," ती म्हणाली. "माझं तिकीट लग्नाच्या दिवशीच काढून झालंय."